आजींचा मान

आमच्या दिंडोरीच्या घरात आजी नाही. सासूबाई गेल्या तेव्हा पायल शाळेत होती. तरीही दोन हजार नऊच्या एप्रिलात नाशिकहून थेट्यांचा ड्रायव्हर एक पिशवी देऊन गेला. आत हिरवं, मोठ्या काठाचं नऊवारी लुगडं, खण, नारळ, आणि सोबत तोंडी निरोप: हा आजींचा मान, लग्नात त्यांनी हेच नेसायचं.

थेटे म्हणजे पायलचं होणारं सासर. आणि पायल म्हणजे माझ्या थोरल्या जावेची, आशाताईंची, एकुलती एक लेक.

आशाताईंनी घडी न मोडता लुगड्यावर हात फिरवला. “भारीतलं हाय,” त्या म्हणाल्या. “नवरीच्या आईला एवढं भारी नसतं कोणी दिलं.”

“दोन्ही मान तुमच्याकडंच येणार की,” मी म्हटलं. “लुगडी दोन, अंग एक.”

त्या हसल्या नाहीत. चेष्टा नेमकी जागेवर बसली की त्या हसत नाहीत.

हा आजींचा घोळ डिसेंबरातला. द्राक्षाच्या बागेत डिपिंग चालू होतं. म्हणजे औषधाच्या पाण्याचा मग घ्यायचा आणि एकेक घड त्यात बुडवायचा. मणी लांबतो, फुगतो, व्यापारी खूश. मजूर कमी पडले की आशाताई स्वतः उतरतात. लग्न होऊन आल्यापासून त्या त्याच बागेत उन्हात आहेत. वेली दर एप्रिलात छाटल्या की पुन्हा नव्या फुटतात. बाईमाणसाला तशी सोय नाही. त्या दिवशी डोक्याला टॉवेल, अंगात नवऱ्याचा, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांचा, जयरामदादांचा जुना शर्ट, गालाकपाळावर औषधाचे शिंतोडे, अशा त्या अंगणात हात धुवायला आल्या आणि सांगितलेल्या वेळेच्या बऱ्याच आधी थेट्यांची गाडी आत शिरली.

पायल आणि ललित पुण्याला एकाच कंपनीत. त्यांचं त्यांनी ठरवलेलं होतं. त्याचे आईवडील फक्त घर बघायला आले होते. ललितची आई सुलभाताई कॉलेज रोडच्या, वागायला एकदम नेटक्या. गाडीतून उतरल्या त्या समोर आशाताई. काही विचारायच्या आत पदर सावरून वाकल्या आणि त्यांच्या पायांना हात लावला.

“नमस्कार करते, आजी.”

सुलभाताई वयानं आशाताईंपेक्षा मोठ्या आहेत. हे मी नंतर काढलं. असलं काही काढल्याशिवाय मला चैन पडत नाही. आशाताई तिथंच खिळल्या, तोंड अर्धवट उघडं. मग सवयीनं शब्द आले, “मनासारखं होऊ दे, बाई.”

मी पायलकडं बघितलं. एक वाक्य पुरलं असतं: ही माझी आई. पायलनं मान खाली घातली. तिची ती खाली गेलेली मान आशाताईंनी बघितली, आणि त्या मागच्या दारानं आत गेल्या.

थोड्या वेळानं त्याच बाई सिल्कची साडी नेसून, पावडर लावून, नवरीची आई म्हणून बाहेर आल्या. सुलभाताईंनी नव्यानं हात जोडले. ओळख पटलीच नाही. जेवायला बसल्यावर त्यांनी विचारलं, “आजी नाही का बसत?”

अंगणात काय झालं ते दादांना माहीत नव्हतं. ते “कोण आजी” म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात पायल म्हणाली, “आजी आराम करतायत. त्यांना ऐकूही कमी येतं.”

ऐकू कमी येतं ही तिची जास्तीची भर. पुढचे प्रश्न येण्याआधीच दार लावून घेतलं पोरीनं. मला कौतुक वाटलं.

त्यानंतर सुलभाताईंचा एक फोन आजींशिवाय गेला नाही. आजींची तब्येत कशी, आजींना कानाचं मशीन बघू का, आजींना गोड चालतं का. आणि आता हे लुगडं.

आशाताईंची भीती सरळ होती. लग्नात ही बाई त्यांच्या मांडीला मांडी लावून बसणार. कधीतरी तिला ते डिसेंबरातलं तोंड आठवणार. मग पायल सासरचं माप ओलांडायच्या आधीच खोटारडी ठरणार. पायलला आपली लाज वाटली, हे मात्र आशाताई कधी बोलल्या नाहीत. त्या फक्त म्हणायच्या, “तोंड बदलाया पायजे, हिरा.”

म्हणून आम्ही पत्रिका वाटायला जातो असं सांगून नाशिकला कातडीच्या डॉक्टरांकडं गेलो. डॉक्टर तरुण, बोलायला मऊ. दिवा लावलेल्या भिंगातून त्यांनी आशाताईंचा चेहरा बराच वेळ तपासला.

“ऊन फार झालंय, मावशी.”

“फुकटचं होतं, डॉक्टर,” आशाताई म्हणाल्या. “जेवढं आलं तेवढं घेतलं.”

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. दोन रस्ते आहेत. एक नेहमीचा: रात्री लावायचं क्रीम, आणि पील, म्हणजे चेहऱ्याला सौम्य आम्ल लावून वरचा खराब थर उतरवायचा. दुसरा नवा. त्याला रिजनरेटिव्ह म्हणतात. दंडातून थोडं रक्त काढायचं, यंत्रात गरागरा फिरवायचं, त्यातला पिवळसर भाग वेगळा करायचा आणि बारीक सुयांनी चेहऱ्यात सोडायचा. मग कातडी आतून स्वतःला भरून काढते.

“काढतेच?”

“काहींना चांगला गुण येतो, काहींना फारसा नाही. आपल्याकडं नवं आहे अजून. आणि त्याला महिने लागतात.”

“म्हंजे एक वरून छाटणी, आणि एक मुळाशी खत,” आशाताई म्हणाल्या. डॉक्टरांना ते इतकं आवडलं की त्यांनी दोनदा मान हलवली.

“पण माझंच रक्त मलाच घालणार, तर बिल कशाचं?”

“फिरवण्याचं,” मी म्हटलं.

डॉक्टर हसले आणि त्यांनी लग्नाची तारीख विचारली. मेचा पहिला आठवडा ऐकून ते म्हणाले, खताला आता उशीर झाला, छाटणीच करू, तीही हलकी. साल निघेल, लग्नापर्यंत लाली उतरेल, पण खालची नवी कातडी बरेच दिवस कोवळी राहील. म्हणून ऊन नाही, साबण नाही, ब्लीच नाही, वाफ नाही, पार्लरची पायरी चढायची नाही, आणि चोळणं तर अजिबात नाही. प्रत्येक नाहीला आशाताई मान डोलवत होत्या. फवारणीनंतर काय पाळायचं असतं हे ज्यांना माहीत आहे, त्यांना हे अवघड नव्हतं.

हळदीचं नाव डॉक्टरांनी काढलं नाही, आणि आम्ही दोघींनीही नाही. त्यांच्या लेखी ती उपचारांत बसत नव्हती, आमच्या लेखी ती चोळण्यात बसत नव्हती. हळद लग्नात असतेच. मांडवाला खांब असतात तशी. तिचा वेगळा विचार कोण करतो?

दोन-तीन दिवसांत पापुद्रे सुटायला लागले. आधी कपाळ, मग नाकाच्या कडा, मग गाल. आशाताई आतल्या खोलीत खिडकी लावून बसायला लागल्या. दादांना आम्ही बागेत मारायच्या गंधकाची ॲलर्जी सांगितली.

“एवढी वर्षं नाय झाली ती?” दादा म्हणाले.

“आता वय झालं,” आशाताई म्हणाल्या. वयाचा त्यांनी केलेला तेवढाच उपयोग.

त्या दिवसांत आमच्या घरात कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. आशाताई सारख्या आरशात बघायच्या आणि मला विचारायच्या, “दिसती का अजून ती?” ती म्हणजे आजी. मी म्हणायची, “निम्मी गेली.” खरं सांगायचं तर साल निघालेल्या जागी लालभडक कातडी होती आणि सुरकुत्या जिथल्या तिथं होत्या, फक्त धुऊन ठेवल्यासारख्या.

आणि मग सुलभाताईंचा फोन आला. आशाताईंनी तो मला ऐकू येईल असा धरला.

“आशाताई, मांडव-देवक तुमचं तुमच्या घरी होऊ द्या. पण हळद दोन्हीकडची एकत्र, इथं लॉन्सवर. ओली हळकुंडं आणून मी स्वतः वाटणार आहे. आणि तुम्हाला पहिली हळद मी लावणार हं. चेहऱ्याला, अगदी भरपूर. विहिणीची हळद चढली की पोरीचा संसार चांगला, असं आमच्याकडं मानतात. व्हिडिओवाल्याला सांगून ठेवलंय. आजींना घेऊन याच.”

फोन ठेवल्यावर आशाताईंचा हात आपोआप गालाकडं गेला आणि गालाला न लागता परत आला.

मी डॉक्टरांना फोन लावला.

“हळद? चेहऱ्याला?” डॉक्टर म्हणाले. “अजिबात नको. आग होईल, डाग पडतील, वर्षभर जाणार नाहीत. कोण लावणार आहे?”

“विहीण.”

“त्यांना नको म्हणून सांगा.”

“डॉक्टर, तुमचं लग्न झालंय का?”

“नाही.”

“तेच,” मी म्हटलं आणि फोन ठेवला.

मी उपाय काढत बसले. पहिला तर मला फार पसंत पडला. “अडचण आलीय म्हणून सांगा. बाहेर बसलेय म्हणा. कोणी हात लावणार नाही.”

“या वयात?”

“त्यातच तर मजा आहे. आजी म्हणणारीच्या तोंडावर पाळी. दोन्ही कामं झाली.”

क्षणभर त्यांचे डोळे चमकले. मग त्यांनी मान हलवली. “आणि कन्यादानाला कोण बसल? तू?”

खरं सांगणं हा दुसरा उपाय होता. तो आम्ही दोघींनी बोलूनही दाखवला नाही. पील का केली हे सांगायला गेलं की आजी येणार, आणि आजी आली की पायल.

शेवटी मी बागेतला उपाय काढला. छाटणीनंतर वेलीच्या जखमेला पेस्ट फासतात, म्हणजे आत काही शिरत नाही. तसं चेहऱ्याला व्हॅसलीनचा जाड थर द्यायचा. वरून हळद लागेल, आत पोचणार नाही. आजींचे गुडघे धरलेत असं पायल सांगेल. सगळं जमलं असं वाटलं.

हळदीच्या संध्याकाळी गंगापूर रोडच्या त्या लॉन्सवर पान हलत नव्हतं. मी आशाताईंना आडोशाला नेऊन व्हॅसलीन फासलं. केसांना हळद लागू नये म्हणून डोक्याला पांढरा टॉवेलही घट्ट बांधला. त्या टॉवेलाचं मला नंतर फार वाईट वाटलं. त्या वेळी मात्र हुशारी वाटली होती.

पायलला आणि आशाताईंना शेजारी शेजारी पाटावर बसवलं. व्हिडिओचा दिवा तोंडावर. सुलभाताई हिरव्या साडीत, हातात चांदीची वाटी. आधी पायलला बोटं लावली. मग आशाताईंकडं वळल्या, दोन्ही तळवे भरून घेतले आणि गालांवर ठेवले.

हळद घसरली. गालावरून सरळ हनुवटीला आणि तिथून पदरावर.

“चढत नाही हो,” सुलभाताई म्हणाल्या.

मागून त्यांची कोणी नणंद बोलली, “कोरडी घ्या थोडी. चोळा जरा. हळद न चढणं बरं नसतं.”

सुलभाताईंनी पुन्हा तळवे भरले आणि यावेळी चोळलं. मनापासून चोळलं. पोरीच्या संसाराचा प्रश्न होता, त्या कशाला कमी करतील? व्हॅसलीन हळदीबरोबर निघून जायला लागलं. आशाताईंची बोटं पाटाच्या कडेला आवळली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, गालावर उतरलं, आणि खारट पाणी त्या कातडीवर उतरल्यावर आणखी आलं.

“आईचं काळीज शेवटी,” बायका म्हणाल्या. एक-दोघींनी डोळे पुसले. कुणीतरी हळदीचं गाणं धरलं. सुलभाताईंचेही डोळे भरले आणि हात आणखी मायेनं, आणखी जोरात फिरायला लागले.

पायल आईकडं बघत होती. गारपिटीनं तयार बाग झोपली होती त्या दुपारी आशाताईंच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. त्यांनी सगळ्यांना चहा केला होता. पायल तेव्हा तिथंच होती.

“आई अशी रडत नाही,” ती हळूच म्हणाली. मग तिनं सुलभाताईंचं मनगट धरलं. “आई, थांबा. तिला भाजतंय.”

सासूला आई, आणि आईला ती. मी ते ऐकलं, आशाताईंनीही ऐकलं असणार.

सुलभाताईंनी हात मागे घेतले. तळव्यांवर व्हॅसलीन, हळद, आणि त्यात पातळ पातळ पापुद्रे. त्यांनी ते बघितलं, मग वर आशाताईंकडं बघितलं. डोक्याला टॉवेल. कपाळावर, गालांवर शिंतोडे. तोंड अर्धवट उघडं. त्या आठवायला लागल्या ते मला समोर दिसत होतं. थांबवता येत नव्हतं.

“आजी?” त्या म्हणाल्या.

गाणं चालूच होतं. पायलनं एकदा माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता ही आणखी काहीतरी भर घालणार. आजी आणि आई सख्ख्या बहिणी, असलं काहीतरी. मनातल्या मनात मी ते वाक्य तिच्यासाठी तयारही केलं होतं.

“आमच्याकडं आजी नाहीत,” पायल म्हणाली. “त्या दिवशी अंगणात आईच होती. तुम्ही पाया पडलात आणि मी गप्प बसले.”

“का?”

“लाज वाटली.”

विचारलं सुलभाताईंनी, पण पायलनं हे सांगितलं आईकडं बघून.

आशाताईंचे डोळे मिटलेले होते, उघडणं शक्य नव्हतं. “तिचं काय नाय त्यात,” त्या म्हणाल्या. “मीच शर्ट बदलून याया पायजे होतं.”

सुलभाताईंनी तळवे वाटीच्या काठावर निपटले. मग म्हणाल्या, “म्हणजे मी तुमच्या पाया पडले.”

“हो.”

“मी मोठी आहे तुमच्यापेक्षा.”

“हो. हिरानं काढलंय ते.”

“आणि तुम्ही आशीर्वादही दिलात.”

“दिला. आता परत कसा घेऊ?”

सुलभाताईंचे ओठ हलले. हसू दाबलं की राग, ते मला तेव्हा कळलं नाही आणि अजूनही सांगता येणार नाही. त्यांनी व्हिडिओवाल्याला हातानं दिवा बंद करायला सांगितलं, गार पाणी आणि दूध मागवलं, आणि आपल्याच पदराच्या टोकानं, न चोळता, टिपून टिपून आशाताईंचा चेहरा धुतला. बायकांना सांगितलं, विहीणबाईंना उन्हाची ॲलर्जी आहे. म्हणजे एक थाप त्यांनीही घातली, आमच्या बाजूनं. पायलशी मात्र त्या उरलेली संध्याकाळ एक शब्द बोलल्या नाहीत.

लग्नाच्या सकाळी आशाताईंचा चेहरा सुजून टम्म झाला होता. पिवळा रंग तसाच, आणि डाव्या गालावर चार बोटांच्या लाल पट्ट्या. मेकअपवाल्या बाईनं एकदा बघितलं आणि डबा मिटला. मी पैठणी काढून दिली. आशाताईंनी ती बाजूला ठेवली आणि पिशवीतून हिरवं नऊवारी काढलं.

“हे कशाला, ताई?”

“मान दिलाय तर घ्यायचा. आणि आता लपवायचं काय राह्यलं?”

मांडवात त्या तशाच उभ्या राहिल्या. फोटोग्राफरनं त्यांना नकळत कडेला सरकवलं, तेव्हा पायलनं मुंडावळ्या सांभाळत हात मागे करून त्यांना ओढून आपल्याशेजारी घेतलं. सुलभाताई समोरून आल्या. लुगड्याचा काठ, मग गाल, मग पुन्हा काठ, असं बघितलं आणि म्हणाल्या, “शोभतंय तुम्हाला.” मग पुढच्या पाहुण्यांकडं गेल्या.

त्याला आता सहा महिने झाले. सूज गेली, पिवळेपणा गेला. ती चार बोटं मात्र लालची तपकिरी होऊन दिवाळी झाली तरी गालावर आहेत. डॉक्टर म्हणतात, आता ते रक्ताचं करून बघू, आतून भरून येईल. आशाताई म्हणतात, बघू. ऑक्टोबरची छाटणी झाली. त्या पुन्हा बागेत उतरल्यात, फक्त आता टॉवेल डोळ्यांपर्यंत ओढतात.

पायलचा फोन दर रविवारी येतो. सुलभाताई आता मुलाकडं पुण्यालाच राहायला गेल्यात.

“सासूबाई कशा हाईत?” आशाताई विचारतात.

“चांगल्या आहेत, आई. कधी आवाज चढवत नाहीत. फक्त मी काही सांगितलं ना, ऑफिसात उशीर होईल, दूध संपलंय, काहीही, की विचारतात, ‘नक्की ना?’ तेवढंच.”

“तेवढंच ना?”

“तेवढंच.”

आशाताई फोन ठेवतात. मग बराच वेळ तिथंच बसून राहतात, डाव्या गालावर चार बोटं बरोबर त्या चार डागांवर ठेवून.